बिरसीचे पाणी मालवणला जात नाही

गोंदिया जिल्ह्यातल्या बिरसीच्या शिवारात पडणारा पाऊस अखेर वैनगंगेला जाऊन मिळतो. वैनगंगा वर्धेला भेटून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्यापाशी गोदावरीत शिरते आणि गोदावरी राजमहेंद्रीच्या पुढे बंगालच्या उपसागरात रिकामी होते. सरळ रेषेत मोजले तरी बिरसीला अरबी समुद्रापेक्षा हाच समुद्र जवळ. त्यामुळे मालवणचे प्रवाळ, विजयदुर्गासमोरच्या खोल पाण्यातली आंग्रिया बँक, निवतीजवळ बुडवायचे ठरलेले नौदलाचे जुने जहाज या विषयांवर पूर्व विदर्भातल्या माणसाने बोलणे अनेकांना आगाऊपणाचे वाटेल. समुद्र कोकणाचा, स्कूबा पर्यटकांचा आणि प्रवाळ शास्त्रज्ञांचे, अशी वाटणी आपण मनाशी करून ठेवली आहे. ही वाटणीच चुकीची आहे. प्रवाळ पाण्याखाली दिसत असले तरी त्यांचे जगणे-मरणे बरेचसे जमिनीवर, पाण्याच्या मालकीवर आणि कागदावरच्या कायद्यावर ठरते. म्हणून समुद्रतळाशी नवे देखावे उभारण्याआधी तिथे आधीपासून असलेल्या प्रवाळांचा आणि त्यांच्यावरच्या पाण्याचा बंदोबस्त व्हायला हवा. सध्या महाराष्ट्रात क्रम उलटा लागला आहे.

आधी प्रवाळांचे घ्या. प्रवाळाचा जीव इवलासा असतो. चुन्याचे घर बांधून तो एका जागी चिकटून राहतो. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते, ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देते. प्रकाश नाही तर शैवालाला काम नाही, आणि शैवाल नाही तर प्रवाळ उपाशी. म्हणून त्याला उबदार, खारे आणि नितळ पाणी लागते. गोदावरी आणि कृष्णेसारख्या नद्या दरवर्षी गोड्या पाण्यासह प्रचंड गाळ ओततात. भारताच्या पूर्व किनाऱ्यावर पाल्कच्या सामुद्रधुनीच्या उत्तरेला मोठी प्रवाळबेटे का नाहीत, याचे एक मुख्य उत्तर या गढूळ पाण्यात आहे. बिरसीच्या बांधीतून वाहून गेलेली मातीही त्या गाळात असते. म्हणजे बिरसीचा प्रवाळांशी संबंध आहे, पण तो त्यांच्या नसण्याशी. उलट आंग्रिया बँक विजयदुर्गापासून सुमारे १०५ किलोमीटर आत समुद्रात आहे. सुमारे ४० किलोमीटर लांब आणि १५ किलोमीटर रुंद असे हे बुडालेले पठार चारशे मीटर खोल पाण्यातून वर येते आणि त्याचा माथा पृष्ठभागापासून वीसेक मीटरवर थांबतो. कान्होजी आंग्र्यांचे नाव लागलेल्या या जागेवर प्रवाळ फोफावले, कारण कोकणातल्या नद्यांचा गाळ तिथवर पोहोचत नाही. किनाऱ्यालगतच्या मालवणला हे भाग्य नाही. पावसाळ्यात तिथले पाणी गढूळ होते, म्हणून सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रामुख्याने गाळ सोसणाऱ्या चिवट जातीच तग धरून आहेत. आधीच काठावर जगणाऱ्या या वस्तीवर आपण पर्यटनाचा भार टाकला आहे.

मालवण सागरी अभयारण्याची अधिसूचना १९८७ ची. क्षेत्रफळ २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा जेमतेम तीन चौरस किलोमीटर, किल्ला आणि पद्मगड यांच्या भोवतीचा. स्थानिक मच्छीमारांनी या अभयारण्याला वर्षानुवर्षे विरोध केला, कारण रोजच्या मासेमारीचे पाणी त्यांना न विचारता कागदावर राखीव झाले होते. सरकारने ना ते मनापासून राबवले, ना रद्द केले. या लोंबकळत्या अवस्थेत स्कूबा आला. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने गेल्या दशकात सिंधुदुर्गात राबवलेल्या किनारी जैवविविधता प्रकल्पातून स्थानिक तरुणांना प्रशिक्षण मिळाले, तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची डायव्हिंग प्रशिक्षण संस्था उभी राहिली आणि बघता बघता स्कूबा मालवणच्या हंगामाचा कणा झाला. पण बहुतेक पर्यटक जे करतात ते खऱ्या अर्थाने डायव्हिंग नव्हेच. तोंडात नळी, पाठीवर सिलिंडर, मागून धरणारा मार्गदर्शक, काही मीटर खोली, थोडी मिनिटे आणि व्हिडिओ. मासे जमावेत म्हणून पाव टाकला जातो, तोल सावरायला पाय प्रवाळावर टेकतो, होडीचा नांगर जिथे पडेल तिथे पडतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेशी संबंधित अभ्यासकांनी २०२० मध्ये मालवणच्या अभयारण्यात हौशी डायव्हिंगमुळे होणाऱ्या प्रवाळांच्या मोडतोडीवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकातच जबाबदारी कुणाचीच नसल्याचा ठपका आहे. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याच्या लेखी त्यांना वाघाइतके संरक्षण आहे. नागझिऱ्यात वाघ पाहायला गेलेल्या पर्यटकाला जिप्सीतून खाली उतरता येत नाही. मालवणात पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यावर उभे राहून फोटो काढता येतो.

अशा पार्श्वभूमीवर आयएनएस गुलदारची योजना पुढे आली. हे जहाज सुमारे ८४ मीटर लांब, पोलंडमध्ये बांधलेले. रणगाडे आणि सैनिक थेट किनाऱ्यावर उतरवणे हे त्याचे काम. ३० डिसेंबर १९८५ रोजी ते नौदलात आले आणि १२ जानेवारी २०२४ रोजी निवृत्त झाले. २०२५ च्या फेब्रुवारीत ते पर्यटन महामंडळाच्या ताब्यात देण्यात आले. निवतीच्या खडकाजवळ वीस-बावीस मीटर खोलीवर ते बुडवायचे, त्याचे संग्रहालय करायचे आणि त्याच्यावर कृत्रिम प्रवाळभित्ती वाढवायची असा हा बेत आहे. कल्पना आकर्षक आहे आणि तिच्यामागचा एक विचार योग्यही आहे: नवख्या पर्यटकांची गर्दी किल्ल्याजवळच्या नाजूक प्रवाळांवरून हलवून लोखंडावर नेता आली तर नैसर्गिक प्रवाळांना उसंत मिळेल. प्रवाळांच्या अळ्यांना चिकटायला टणक पृष्ठभाग लागतो, आणि बुडालेले जहाज तो पुरवते, हेही खरे. लाल समुद्रात १९४१ मध्ये बॉम्बहल्ल्यात बुडालेले थिसलगॉर्म किंवा प्रशांत महासागरातल्या चूक सरोवरात १९४४ मध्ये बुडवलेला जपानी ताफा आज डायव्हरांची पंढरी आहे. मग अडचण कुठे आहे?

अडचण अशी की जहाज बुडवल्याने प्रवाळ उगवतात ही गोष्ट अर्धीच सांगितली जाते. बाकीची अर्धी अमेरिकेच्या किनाऱ्यावर पाहायला मिळते. फ्लोरिडाजवळ १९७० च्या दशकात सुमारे वीस लाख टाकाऊ टायर ‘कृत्रिम भित्ती’ म्हणून समुद्रात टाकले गेले. ते बांधणारे पट्टे गंजले, टायर सुटले, वादळांत घरंगळत शेजारच्या खऱ्या प्रवाळांवर आदळले. ते वर काढण्याचे काम पुढे कित्येक वर्षे चालले. गुलदारच्याच कुळातले, पण तिच्यापेक्षा बरेच मोठे असलेले स्पीगेल ग्रोव्ह हे जहाज २००२ मध्ये त्याच राज्यात बुडवायला घेतले तर ठरल्या वेळेआधीच ते उलटे होऊन अडकले, नाक पाण्याबाहेर. मग खर्च करून कुशीवर पाडले. २००५ मध्ये आलेल्या डेनिस चक्रीवादळाने ते आपणहून सरळ केले. शेकडो फूट लांबीचे पोलाद वादळ समुद्रतळाशी पलटवू शकते, हा त्यातला भाग आपल्या कामाचा. २०२१ चे तौक्ते वादळ कोकणासमोरूनच गेले होते. २००६ मध्ये ओरिस्कानी ही विमानवाहू नौका फ्लोरिडालगत बुडवली, त्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत तिथल्या माशांत तिच्या विद्युत तारांच्या आवरणातल्या विषारी पीसीबी रसायनांचे अंश आढळले. आणि सर्वांत बोलका दाखला पाल्मायरा या निर्जन बेटाचा. १९९१ मध्ये तिथल्या प्रवाळांवर एक मासेमारी जहाज आदळून बुडाले. त्याच्या लोखंडाने पाण्यातले रासायनिक गणित बदलले, प्रवाळांसारखाच दिसणारा पण त्यांना गिळणारा एक जीव तिथे फोफावला आणि आजूबाजूचे जिवंत प्रवाळ झाकत गेला. २०१३ मध्ये ते अवशेष उचलावे लागले. लोखंड नेहमीच वरदान ठरते असे नाही. ते कुठल्या पाण्यात पडते यावर सारे अवलंबून आहे.

या उदाहरणांवरून गुलदार बुडवू नये असे सिद्ध होत नाही. काळजीपूर्वक साफ केलेले, प्रवाळांपासून पुरेशा अंतरावर, वाळूच्या तळावर ठेवलेले जहाज निरुपद्रवी असू शकते. माझा आक्षेप वेगळा आहे. बुडालेल्या जहाजाभोवती मासे लगेच जमतात, मात्र ते नव्याने जन्मलेले असतात की आसपासच्या खडकांतून गोळा झालेले, यावर मत्स्यशास्त्रात कित्येक दशके वाद आहे. गोळा झालेले असतील तर ते पकडणे सोपे होते, आणि मासेमारीवर बंधन नसेल तर कृत्रिम भित्ती माशांचा सापळा ठरते. आता बंधन घातले तर कुणावर? सिंधुदुर्गात किनाऱ्यावरून जाळे ओढणारे पारंपरिक रापणकर, छोटे ट्रॉलर आणि मोठी घेरजाळी टाकणारे पर्ससीनवाले यांच्यातला संघर्ष जुना आहे. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनवर निर्बंध आले. केंद्राने २०१७ मध्ये एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. किनाऱ्यावरची आंदोलने त्यानंतरही थांबली नाहीत, कारण आदेश काढणे आणि रात्री समुद्रात गस्त घालणे ही दोन वेगळी कामे आहेत. ज्या यंत्रणेला पर्ससीनच्या नौका आवरत नाहीत तिने एका जहाजाभोवतीचे पाणी राखावे अशी अपेक्षा आपण करतो आहोत, आणि त्या पाण्याचे नियम ठरवताना रापणकरांना किती विचारले हे कुणी सांगत नाही.

बुडालेल्या जहाजांबद्दल आणखी एक गोष्ट पर्यटनाच्या उत्साहात मागे पडते. अपघाताने बुडालेले जहाज हे दप्तर असते. गोव्यासमोर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांनी तीन जागा तपासल्या. सुंची रीफ या खडकावर आपटलेले जहाज सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातले, पोर्तुगीज व्यापारातले असावे. त्यातून तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात आणि मर्तबानी भांड्यांचे अवशेष मिळाले. सेंट जॉर्ज रीफवर बासेल मिशनच्या छापाची मंगळुरी कौले सापडली. एमी शोलवर वाफेच्या जहाजाचे बॉयलर आहेत. या तिन्ही ठिकाणी खडकाने जहाज बुडवले. आता आपण जहाज बुडवून खडक करू पाहतो, हा विनोद इतिहासाचा. पण या तिन्ही अवशेषांची किंमत त्यांच्या जागेवर असण्यात आहे. हौशी डायव्हराने एक कौल उचलून घरी नेले की त्या कौलाला फक्त कपाटात जागा उरते. आणि काही अवशेष तर समाध्याच आहेत. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे जाणारी रामदास बोट बुडाली तेव्हा सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या काळच्या कोकणात हे दुःख न पोहोचलेले गाव क्वचितच असेल. तिथे कधी पर्यटन न्यायचे म्हटले तर प्रश्न सिलिंडर आणि परवान्यापुरता राहणार नाही. गुलदारमध्ये असले काही नाही, हा तिचा फायदाच. पण मग ‘समुद्राखालचे संग्रहालय’ म्हणताना संग्रह कशाचा, हेही सांगायला हवे.

या सगळ्यावर कोकणातून येणारे उत्तर मला ऐकू येते, आणि ते हलके नाही. हंगामात होडी पर्यटकांना फिरवून जे कमावते ते जाळे टाकून मिळत नाही. ज्यांची मुले मुंबईला जात होती ती आता मार्गदर्शक म्हणून घरी राहतात. गोंदियात बसून आमच्या पोटावर पाय देऊ नका. या युक्तिवादातला रोजगाराचा भाग मला पूर्ण मान्य आहे. मान्य नाही ते त्यातले गृहीतक, की नियम आले की रोजगार जातो. अनुभव उलटा आहे. मे २०२२ मध्ये तारकर्लीत स्कूबा करून परतणारी होडी किनाऱ्याजवळ उलटली, दोन पर्यटक बुडाले. अशा एका घटनेने पुढचा हंगाम किती लोकांचा गेला असेल? राज्याचे साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आले. त्यात नोंदणी आहे, प्रशिक्षित माणसांची अट आहे. अडचण ते न पाळण्यात आहे. आणि प्रवाळ संपले तर मार्गदर्शकाच्या हातात काय दाखवायला उरेल, याचे उत्तर ‘गुलदार’ असे देता येणार नाही, कारण जहाजावर प्रवाळ बसायलाही आसपास जिवंत प्रवाळांच्या अळ्या लागतातच.

इथे बिरसीचे स्वतःचे एक उदाहरण हाताशी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी इथे केलेली धावपट्टी युद्ध संपल्यावर गुलदारइतकीच टाकाऊ होती. आज तिथे विमानतळ आहे, वैमानिक घडवणारी संस्था आहे, २०२३ च्या डिसेंबरमध्ये हैदराबादला जाणारे इंडिगोचे विमानही सुरू झाले. ही धावपट्टी उपयोगी ठरली ती तिच्याभोवती नियमांची चौकट उभी राहिली म्हणून. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी दोनशे तासांचे उड्डाण लागते, वैद्यकीय तपासणी लागते, परीक्षा लागतात. त्याबद्दल रोजगार बुडतो अशी तक्रार कुणी करत नाही. डायव्हिंगलाही अशी शिस्त जगभर आहे. अठरा मीटरपर्यंत जाण्याच्या प्राथमिक प्रमाणपत्रासाठीही वर्गातला अभ्यास, बंदिस्त पाण्यातला सराव आणि खुल्या समुद्रातल्या चार बुड्या लागतात. त्यात शिकवली जाणारी पहिली मोठी गोष्ट म्हणजे शरीर पाण्यात तरंगते ठेवणे, तळाला न टेकणे. गुलदारचा तळ वीस मीटरच्या खाली असेल तर या प्रमाणपत्राची मर्यादाही तिथे ओलांडली जाते. म्हणजे मालवणात दहा मिनिटांच्या सूचनांवर पाण्यात उतरणारा पर्यटक गुलदारपर्यंत जाणारच नाही. आणि तो किल्ल्याजवळच राहणार असेल तर गर्दी हलवण्याचा मूळ हेतू कसा साधणार?

पाण्याखालची दुनिया सावरणे म्हणजे काय, याचेही पाठ गोंदिया-भंडाऱ्यातच गिरवता येतील. कोहळी मालगुजारांनी इथे हजारो तलाव बांधले. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि ज्या व्यवस्थेत तळातला गाळ काढण्याचा अधिकार आणि कर्तव्य दोन्ही होते ती मोडली. तलाव उथळ झाले, काठावर बेशरमाची झुडपे माजली. मत्स्यव्यवसाय खात्याने रोहू, कतला, मृगळ सोडले. मरळ, शिंगी यांसारखे स्थानिक मासे घटले. गेल्या दोन-तीन दशकांत अभ्यासक मनीष राजनकर आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या ढीवर मच्छीमारांच्या सहकारी संस्थांनी काही तलावांत बेशरम उपटले, उन्हाळ्यात तळ नांगरला आणि पाण्याखालच्या स्थानिक वनस्पती पुन्हा लावल्या. मासे परतले. तलावात कोणती वनस्पती कुठे रुजते आणि कोणता मासा कुठे अंडी घालतो, हे ढीवरांना आधीच ठाऊक होते. पाणी त्यांच्याकडे व्यवस्थापनासाठी आल्यावर ते ज्ञान कामाला लागले. तलाव आणि समुद्र एक नव्हेत, ही हरकत रास्त आहे. तलावाला काठ असतो, समुद्राला शेजारच्या राज्यांच्या नौका. प्रवाळ नांगरून लावता येत नाहीत, आणि एकदा मेलेली वसाहत दशकानुदशके परतत नाही. पण ज्याच्या जाळ्याला पाण्याची स्थिती रोज कळते, त्याच्या हाती निर्णयाचा काही वाटा असावा, हे तत्त्व काठ असण्या-नसण्यावर अवलंबून नाही. मालवणच्या अभयारण्याचे फसणे हे त्याच तत्त्वाच्या उलट्या बाजूचे उदाहरण आहे.

सर्वांत कठीण हरकत वेगळीच आहे. समुद्रच तापत असेल तर या स्थानिक बंदोबस्ताला अर्थ काय? पाणी नेहमीच्या कमालीपेक्षा एखाद्या अंशाने जरी काही आठवडे तापले तरी प्रवाळ आपल्या शैवालाला बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात, त्यालाच विरंजन म्हणतात. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये हे झाले. तिथल्या दीर्घ अभ्यासात १९९८ ते २०२२ या काळात प्रवाळांचे आच्छादन सरासरी ३७ टक्क्यांवरून १९ च्या आसपास उतरल्याचे नोंदले आहे. २०२४ च्या एप्रिलमध्ये जागतिक पातळीवरच्या चौथ्या विरंजनाची घोषणा झाली. मालवणच्या रापणकराने किंवा बिरसीच्या शेतकऱ्याने याला काय करायचे? थेट काही नाही. परंतु तापाच्या दोन लाटांमधल्या काळात प्रवाळ सावरतो की नाही, हे गाळ, सांडपाणी, नांगर आणि जाळी यांवर ठरते, आणि ते सारे आपल्या आवाक्यातले आहे. रुग्णाला ताप येणारच असेल तर त्याला उपाशी ठेवायचे कारण नाही.

आंग्रिया बँकेकडे या नजरेने पाहायला हवे. डिसेंबर २०१९ ते जानेवारी २०२० मध्ये वाइल्डलाइफ कॉन्झर्व्हेशन सोसायटी, केंद्र सरकारच्या समुद्री संशोधन संस्था आणि इतरांनी तिथे शास्त्रीय मोहीम नेली. पुढे राज्य सरकारने आंग्रियाला संरक्षित क्षेत्र करण्याचा प्रस्ताव मंजूर केला. पण वन्यजीव संरक्षण कायदा बारा सागरी मैलांपर्यंतच चालतो आणि आंग्रिया त्याच्या कितीतरी पलीकडे, अनन्य आर्थिक क्षेत्रात आहे. म्हणून १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याखाली केंद्राने ते ‘नियुक्त क्षेत्र’ जाहीर करणे हा मार्ग सुचवला गेला. तिथे स्कूबाची हौस जाऊ शकते, पण ती रात्रभराच्या बोटीने, प्रवाह ओळखणाऱ्या अनुभवी डायव्हरांची, आणि वर्षातले मोजके महिनेच. ती गर्दी कधीच मालवणसारखी होणार नाही, त्यामुळे पर्यटन खात्याला त्यात रस कमी असणे समजण्यासारखे आहे. धोका डायव्हरांकडून नाहीच. खोल पाण्यात ट्रॉल ओढणाऱ्या आणि प्रवाळावर नांगर टाकणाऱ्या नौकांकडून आहे. तिथे जाणारी गस्त तटरक्षक दलाची असणार, जीपीएसवर नौकांचा माग काढणे मत्स्यव्यवसाय खात्याचे आणि अधिसूचना दिल्लीची. यातली कोणतीच गोष्ट फोटोत येत नाही. गुलदारच्या निधीतला काही भाग या गस्तीला आणि मालवणच्या प्रवाळांजवळ नौकांसाठी कायमच्या तरत्या बोयांना मिळाला, म्हणजे नांगर टाकावाच लागणार नाही, तर जहाज बुडवण्याआधी करण्याचे निम्मे काम झालेले असेल. उरलेले निम्मे देवगड-मालवणच्या मच्छीमार सोसायट्यांच्या बैठकीत ठरायचे आहे.